बॅटरीची सायकल चालवणे ही लबाडी आहे का?



जुळे सोलापुरात विजापूर रस्त्याने सकाळी निघाले, की साध्या सायकलींच्या जोडीला आता बॅटरीची सायकलही दिसते. कुणी ती शुगर वाढली म्हणून घेतली आहे, कुणी गुडघा दुखतो म्हणून, कुणी पेट्रोल परवडत नाही म्हणून. आणि घेतली की वस्तीच्या कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतो, "ही कसली सायकल? ही तर लबाडी झाली!" बोलणारा थट्टा करतो, पण ऐकणारा खजील होतो. पन्नाशीतला माणूस पंचवीस वर्षांनी सायकलवर बसलेला असतो. दोन-चार वेळा असे ऐकले, की सायकल भिंतीला टेकते आणि व्यायामही सुटतो. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही हाच प्रश्न घेतला आहे.

त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न आमच्यापर्यंत येतो. एकदा चार्ज केली की ती किती किलोमीटर जाते? दुकानात एक आकडा सांगतात, रस्त्यावर दुसराच निघतो. हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. ते म्हणजे आपले पायडल. कसे, ते पायरी-पायरीने पाहू. रविवारी विहारात वंदनेनंतर हा पाठ एकाने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करावी, अशी आमची विनंती आहे.

आधी सायकल ओळखू या

आपण बॅटरीच्या स्कूटरबद्दल बोलत नाही. आपण बोलतो आहोत ती सायकलच आहे. तिला पायडल आहे, साखळी आहे, घंटी आहे. जास्तीचे एवढेच, की चाकात एक छोटी मोटर बसवलेली असते आणि दांड्यावर किंवा कॅरिअरखाली बॅटरी असते.

ही मोटर दोन प्रकारे मदत करते. पहिल्या प्रकारात आपण पायडल मारले तरच मोटर ढकलते, पाय थांबले की मोटरही थांबते. मदत किती हवी ते हँडलवरच्या बटणाने ठरवता येते. एक नंबरला थोडी, तीन किंवा पाच नंबरला भरपूर. दुसऱ्या प्रकारात स्कूटरसारखी हँडलची मूठ पिळायची किंवा अंगठ्याने खटका दाबायचा. पाय न हलवता सायकल पळते. बाजारातल्या बऱ्याच सायकलींना या दोन्ही सोयी असतात.

कायद्याने मोटरला २५० वॅटची आणि वेगाला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. त्या मर्यादेतली, तपासणी संस्थेने मान्य केलेली सायकल मोटार वाहनात मोडत नाही. तिला लायसन्स लागत नाही, नंबरप्लेटही लागत नाही. पण गॅरेजमध्ये जास्त ताकदीची मोटर बसवून घेतली, तर कायद्याच्या नजरेत ती सायकल राहत नाही. घेताना दुकानदाराकडे मान्यतेचा कागद जरूर मागावा.

लबाडी कशाला म्हणायचे?

लबाडी व्हायला तीन गोष्टी लागतात. काहीतरी खरे लपवलेले असावे, कुणाला तरी फसवायचा हेतू असावा आणि कुणाचे तरी नुकसान व्हावे.

सायकलच्या बाबतीत अशी खरी लबाडी जगात पकडली गेली आहे. २०१६ च्या जानेवारीत बेल्जियममध्ये झोल्डर येथे चिखलमातीतल्या सायकल शर्यतीची जागतिक स्पर्धा होती. तिथे फेम्के व्हान डेन ड्रीसे या तरुण स्पर्धकाच्या सायकलच्या नळीत लपवलेली मोटर सापडली. जागतिक सायकल संघटनेने तिच्यावर ६ वर्षांची बंदी घातली आणि दंडही केला. तिथे मोटर लपवलेली होती आणि बाकीच्या स्पर्धक मुली स्वतःच्या पायांच्या ताकदीवर उतरल्या होत्या. त्यांच्या मेहनतीची चोरी झाली असती.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. आसरा पुलावरून कामावर निघालेली बहीण कुणाशी शर्यत लावत नाही. तिची बॅटरी सगळ्यांना दिसते. ती वेळेवर पोहोचली म्हणून कुणाचे काही हिरावले जात नाही. मग लबाडी कुठे झाली?

पण एक लबाडी इथेही होऊ शकते, आणि ती स्वतःशी होते. मूठ पिळून घरापासून कामापर्यंत बसून जायचे, पाय एकदाही फिरवायचे नाहीत, आणि दवाखान्यात डॉक्टरांना सांगायचे, "रोज सायकल चालवतो." डॉक्टर त्यावर विश्वास ठेवून औषधाचा विचार करतात. रोज इतका व्यायाम होऊनही शुगर उतरत नाही, असे समजून ते गोळी वाढवू शकतात. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. ते डॉक्टरांच्या टेबलासमोरही पाळायचे असते. डॉक्टरांना सरळ सांगा, "बॅटरीची सायकल आहे, अर्धा वेळ पायडल मारतो." एवढ्याने उपचार बरोबर होतो.

घाम गाळला तरच खरे, हा समज कुठून आला?

सोलापूर हे गिरण्यांचे शहर. इथली जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. भोंगा झाला की आपले आजे-पणजे पायी, आणि पुढे मिळाली तर सायकलवर, पाळी गाठायला धावत. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनत केली, ती बऱ्याच वेळा हौसेने नव्हे, दुसरा मार्गच नव्हता म्हणून. त्या कष्टाचा अभिमान जरूर असावा. पण शरीर झिजवले तरच माणूस खरा, यंत्राची मदत घेतली तर खोटा, ही शिकवण आपली नाही.

बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या इंग्रजी ग्रंथात यंत्राची बाजू स्पष्टपणे मांडली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की माणसाला जनावरासारखे राबण्यातून यंत्र सोडवते, त्यातून मोकळा वेळ मिळतो आणि मोकळ्या वेळेशिवाय माणूस शिकू शकत नाही, सुसंस्कृत जीवन जगू शकत नाही. दोष यंत्रात नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्याच हाती ठेवणाऱ्या व्यवस्थेत आहे. ही गोष्ट चाकातल्या छोट्या मोटरलाही लागू होते. दिवसभर यंत्रमागाजवळ उभा राहिलेला माणूस संध्याकाळी थोडी मदत घेऊन घरी आला आणि मुलाचा अभ्यास घ्यायला त्याच्यात त्राण उरले, तर यात लाजण्यासारखे काही नाही.

शरीराला नेमके काय मिळते?

मोठ्या माणसाने आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम व्यायाम ओळखायची सोपी खूण आहे. श्वास वाढलेला असतो, शेजारच्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही.

पायडल मारत बॅटरीची सायकल चालवली, तर शरीराला होणारे श्रम साधारण झपाझप चालण्याइतके किंवा त्याहून थोडे जास्त असतात. साध्या सायकलपेक्षा ते कमी, हे खरे आहे. पण बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी अधिक आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २०१६ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या २० जणांनी महिनाभर, आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटे बॅटरीची सायकल कामावर ये-जा करायला वापरली. महिन्यानंतर त्यांचा दम वाढला होता आणि साखर पचवण्याची शरीराची ताकद सुधारली होती. २०१९ साली युरोपातल्या सात शहरांतल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बॅटरीवाल्यांचा आठवड्याचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांच्या जवळपास भरला. कारण बॅटरी असल्यामुळे ते लांबचे अंतरही सायकलनेच जात होते.

आपला हिशोब करू. समजा, घरापासून काम ८ किलोमीटरवर आहे. जायला २५ मिनिटे, यायला २५ मिनिटे. सहा दिवसांची ३०० मिनिटे झाली. त्यातला निम्मा वेळ जरी नीट पायडल मारले, तरी आठवड्याची १५० मिनिटे भरली. वेगळा वेळ काढावा लागला नाही, जिमची फी भरावी लागली नाही.

विडी वळणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या आपल्या बहिणींचे काम कष्टाचे असते, पण ते बसून होते. बोटे आणि पाठ थकतात, हृदयाला आणि पायांच्या मोठ्या स्नायूंना काम मिळत नाही. "मी दिवसभर राबते, मला व्यायाम कशाला?" असे त्या म्हणतात. थकवा वेगळा आणि व्यायाम वेगळा. माल पोचवायला किंवा बाजारहाटाला सायकल घेतली, तर त्यांना सर्वांत जास्त फायदा होईल. मधला दांडा खाली असलेली सायकल साडीवरही चालवता येते. फक्त साखळीवर झाकण असावे आणि पदर नीट खोचलेला असावा.

बॅटरीचा हिशोब

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार केला की बॅटरीत किती वीज मावते ते कळते. समजा, ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तास लिहिले आहे. गुणाकार सुमारे २८१. याला वॅट-तास म्हणतात. १,००० वॅट-तास म्हणजे विजेच्या बिलातले एक युनिट. म्हणजे पूर्ण चार्जिंगला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून, युनिटचा तिसरा हिस्सा लागला. युनिटला १० रुपये धरले तरी खर्च तीन-साडेतीन रुपये.

बॅटरी रोज अगदी रिकामी करू नये. पाचवा हिस्सा राखून ठेवला, तर वापरायला सुमारे २२५ वॅट-तास उरतात. आता पाहा:

- नुसती मूठ पिळून गेलात, तर किलोमीटरला साधारण १४ वॅट-तास जातात. अंतर १६ किलोमीटर.
- अर्धे काम पायांनी, अर्धे मोटरने केले, तर साधारण ९ जातात. अंतर २५ किलोमीटर.
- एक नंबरची मदत ठेवून नीट पायडल मारले, तर साधारण ६ जातात. अंतर ३७ किलोमीटर.

बॅटरी तीच, रस्ता तोच. फरक फक्त पायांचा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर पायडलवर आहे असे आम्ही म्हणालो, ते यासाठी. बॅटरी जितकी जास्त पुरली, तितके आपले पाय चालले. मीटरवरचे किलोमीटर म्हणजे आपल्या व्यायामाची पासबुकच समजा. तिच्यात खोटी नोंद करता येत नाही.

वरच्या उदाहरणात जाऊन-येऊन १६ किलोमीटर होते. नुसती मूठ पिळणाऱ्याची सायकल जेमतेम घरी पोहोचते. शिवाय बॅटरी म्हातारी होते. काहीशे वेळा चार्ज झाली, की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. मग मूठ पिळणाऱ्याला १३ किलोमीटरच मिळतात, म्हणजे राखीव वीज संपवत यावे लागते. पायडल मारणाऱ्याला तेव्हाही ३० किलोमीटर मिळतात. पायांची सवय झालेल्या माणसाची जुनी बॅटरीही कामाला येते.

सोलापुरात किलोमीटर कशाने घटतात?

कंपनीचा आकडा हलका माणूस, सपाट रस्ता, वारा नाही आणि मदत कमीत कमी, अशा स्थितीतला असतो. आपल्याकडे पुढील गोष्टी धरून चालाव्यात.

चढ: पुलाचा चढ लागला की मोटर सर्वाधिक वीज ओढते. चढ येण्याआधीच हलका गिअर टाकावा आणि पाय जोरात चालवावेत.

ओझे: मागे मूल, पुढे पिशवी, कॅरिअरवर तांदळाचे पोते असले की किलोमीटर कमी होणारच.

वारा: पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा जोरात असतो. समोरून वारा असेल तर वेग कमी ठेवावा.

हवा: चाकातली हवा कमी असेल तर पायही दमतात आणि बॅटरीही. आठवड्याला एकदा हवा तपासावी. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ऊन: मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. असे ऊन लिथियम बॅटरीचे आयुष्य कमी करते. कामाच्या ठिकाणी सायकल सावलीत लावावी. बॅटरी काढता येत असेल तर सोबत आत न्यावी.

वस्तीतल्या घरात चार्जिंग

हा भाग सर्वांनी लक्ष देऊन वाचावा. आपली घरे लहान आहेत. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि मुलांचा अभ्यास असतो. लिथियम बॅटरीला आग लागली तर ती फार वेगाने पसरते आणि तिचा धूर विषारी असतो.

- दाराच्या वाटेवर चार्जिंग करू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.
- गॅस सिलिंडर, गादी, कपड्यांचा ढीग यांच्याजवळ बॅटरी नको.
- रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग चालू ठेवू नका. संध्याकाळी घरात कुणीतरी जागे असताना करा, आणि झाले की पिन काढा.
- उन्हातून आल्या-आल्या लावू नका. अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. दुपारी तापलेल्या पत्र्याखाली चार्ज करणे टाळा.
- चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरा. एकाच बोर्डावर इस्त्री, फ्रिज आणि चार्जर नको.
- बॅटरी फुगली, वास आला, नेहमीपेक्षा जास्त तापली किंवा पडून चेपली, तर वापर लगेच बंद करा. उघडून दुरुस्तीचा प्रयोग करू नका. स्वस्तात मिळते म्हणून जुने सेल जोडून बनवलेली बॅटरी घेऊ नका.
- धूर दिसला तर सामान वाचवत बसू नका. माणसे बाहेर काढा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

कोणी जपावे?

हृदयविकार असलेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर बहिणींनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही शुगर उतरल्याची लक्षणे असू शकतात. खिशात थोडी साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखले किंवा दडपण आले तर तिथेच थांबून १०८ ला फोन करावा. गुडघे दुखत असतील तर सीट फार खाली ठेवू नये. पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहावा. हेल्मेट कायद्याने मागितले नाही तरी घालावे. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे आणि पाण्याची बाटली सोबत असावी.

पैशाचेही सांगतो. चांगली सायकल पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जाते, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च येतो. त्यासाठी जास्त व्याजाचे कर्ज काढू नका. घरात साधी सायकल असेल आणि शरीर साथ देत असेल, तर ती उत्तमच आहे. चालणे तर फुकट आहे. पण अंतर, वय किंवा दुखणे यामुळे साधी सायकल जमत नसेल, तर बॅटरीची घ्यायला संकोच करू नका.

वीणेच्या तारा

भगवान बुद्धांच्या काळी सोण कोळिविस नावाचा एक भिक्खू होता. श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक वाढलेला. संघात आल्यावर त्याने इतकी कठोर साधना केली, की चालून-चालून त्याचे तळपाय रक्ताळले. एवढे करूनही मन मुक्त होईना, तेव्हा तो निराश झाला आणि घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला विचारले, की तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर? सोणाला उत्तर आपोआप कळले. त्याने आपले प्रयत्न योग्य मापात आणले आणि पुढे तो अर्हत झाला.

व्यायामाचेही तसेच आहे. पहिल्या आठवड्यात ईर्षेने साधी सायकल दामटायची, गुडघा सुजवून घ्यायचा आणि सोडून द्यायचे, ही ताणलेली तार. नुसती मूठ पिळून बसायचे, ही सैल तार. सुरुवातीला तीन नंबरची मदत घ्या. महिन्याने दोनवर या, जमेल तेव्हा एकवर या. ज्या दिवशी पाठ धरली असेल किंवा ताप येऊन गेला असेल, त्या दिवशी खुशाल मदत वाढवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघता आले पाहिजे, हे महत्त्वाचे.

तेव्हा वस्तीत कुणी बॅटरीच्या सायकलवर दिसले, तर लबाड म्हणू नका. "आज किती नंबरवर?" असे विचारा. त्याने एक म्हटले तर शाबासकी द्या, तीन म्हटले तरी द्या. तो निघाला आहे, हेच मोठे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत कोण व्यायाम थट्टेच्या भीतीने टाळतो? त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

२. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या सायकलच्या बॅटरीवरचे आकडे वाचा. तिच्यात किती वॅट-तास मावतात? रोजचे अंतर पायडल मारून आणि न मारता, दोन्ही प्रकारे काढून पाहा.

३. तुमच्या घरात चार्जिंगची सुरक्षित जागा कोणती? नसेल, तर विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या आवारात, कुणाच्या तरी देखरेखीखाली, सर्वांसाठी सोय करता येईल का?

४. डॉक्टरांना आपण कोणत्या गोष्टी खऱ्या सांगत नाही? का?

जय भीम. नमो बुद्धाय.